पाच इंचांचा स्लॅब

आमच्या वर्सोव्यात दोन धंदे बारमाही: रीडेव्हलपमेंट आणि पटकथालेखन. आरामनगरच्या चहाच्या टपरीवर दोन्ही एकदम ऐकू येतात. परवा एक पोरगेलासा लेखक सोबत्याला सांगत होता, "बॉडी स्लॅबमध्ये टाकायची. विषय संपला!" मला ठसकाच लागला.

आमच्या खिडकीसमोर सध्या सातव्या मजल्याचं सेंट्रिंग लागलंय. तिथल्या सुपरवायझरकाकांना गाठलं. सांगलीकडचे. तंबाखू मळत ते म्हणाले, "स्लॅब पाच इंच. माणूस किती इंच, साहेब?"

बरं, कॉलम? त्यातल्या रिंगा इतक्या जवळजवळ की मांजर शिरायचं नाही. राहता राहिला पायातला राफ्ट. तो चांगला मीटरभर जाड असतो, पण घनमीटरभर काँक्रीट भरतं सुमारे 2400 किलो आणि माणूस पडला जवळपास पाण्याच्या वजनाचा. व्हायब्रेटर फिरला की ओलं काँक्रीट पातळ होतं आणि आतला पाहुणा तरंगत वर! शिवाय भरणीच्या दिवशी पंपवाले, सळईवाले, इंजिनियर, क्यूब भरणारा पोऱ्या... मयताला जमत नाहीत एवढी माणसं हजर.

तरी आपल्याला हे पटतं. लहानपणी आजी सांगायची, पुलाला बळी लागतो, पोरं धरून नेतात. नवा पूल दिसला की मी तिचा पदर सोडत नसे.

निशिकांत कामतांच्या 2015 च्या हिंदी 'दृश्यम'मधला गोव्याचा विजय साळगावकर मात्र पक्का. (अजून पाहिला नसेल तर माफ करा, पण दहा वर्षं थांबलो होतो.) चौथी नापास गडी, पण काँक्रीटच्या भानगडीत पडला नाही. बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्याच्या जमिनीतच त्याने प्रेत पुरलं. वरची फरशी सरकारी खर्चाने झाली. डोकं मूळचं जीतू जोसेफ यांचं, 2013 च्या मल्याळम 'दृश्यम'मधलं.

हे सगळं मी काकांना रंगवून सांगितलं. त्यांनी तंबाखूवरचा चुना झटकला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "वहिनी गावाला गेल्यात का?"

गुरुवारी सातव्याचा स्लॅब आहे. मला साइटवर यायला मनाई झाली आहे.