ट्रॅकनाना

सुरतेजवळच्या इच्छापोरला आलात तर नानांचं घर कुणालाही विचारा, फक्त नानांना विचारू नका. "२१ अंश उत्तर, ७२ अंश पूर्व, पुढचे पाच दशांश लिहून घ्या," असं ते सांगतील. मग आतून वहिनींचा आवाज येईल, "अहो, पिठाच्या गिरणीसमोर म्हणा की!"

नाना मूळचे धुळ्याकडचे. हजिऱ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि निवृत्त होऊन इथेच रुजले. फंडाच्या पैशात लोक सोनं घेतात. नानांनी मुठीत मावणारं जीपीएस घेतलं. नाना चालू लागले की ते दर काही सेकंदांनी एक टिंब टाकतं. टिंबांची झाली रेघ, म्हणजे ट्रॅक. 'ट्रॅकबॅक' दाबलं की आल्या वाटेने परत नेतं. नाना भाजीला जावोत, न्हाव्याकडे जावोत की कुणाच्या दहाव्याला, ट्रॅक जपलेला असतो.

"नाना, रस्ता पाठ आहे ना?"

"रस्ता पाठ आहे रे. पण मी गेलो होतो, याला पुरावा काय?"

गावी जायचं तर हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नाकासमोर धुळ्याला पोचवतो. चुकू म्हटलं तरी चुकता येत नाही. तरी चार उपग्रह सापडल्याशिवाय नाना चाक हलू देत नाहीत. चौथा सापडेपर्यंत नातवंडं प्रवासातल्या दशम्या अंगणातच संपवतात.

वाटेत नवापूर स्टेशनवर थांबायचंच, कारण ते निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. हद्दीवरच्या बाकावर बसून नानांचं ठरलेलं भाषण होतं. "१ मे १९६० ला ही हद्द पडली. बरोबर ४० वर्षांनी, १ मे २००० ला, क्लिंटनसाहेबांनी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढायचा हुकूम सोडला. आधी शंभरेक मीटर चुकायचं, आता जेमतेम पाच-दहा!" बाक त्याहून लहान आहे. त्यामुळे आपण कुठल्या राज्यात बसलोय, हे यंत्राला अजून कळत नाही. बाकावर रंगवलेल्या अक्षरांना कळतं.

गेल्या दिवाळीत आम्ही सुवालीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, वाळूवरून लांबवर चालत गेलो. अंधारू लागलं तसं नानांनी ऐटीत ट्रॅकबॅक दाबलं. बाणाने वाट दाखवली ती थेट पाण्यात. "आलो इथूनच!" नाना हटेनात. २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह नानांची जागा चोख सांगत होते. तिथे आता वाळू आहे की भरती, हे त्यांच्या खात्यात येत नव्हतं. ते एका कोळ्याच्या खात्यात होतं. वहिनींनी त्याला विचारलं, त्याने हनुवटीनेच उंचवटा दाखवला आणि दहा मिनिटांत आम्ही गाडीपाशी आलो. गुडघ्यापर्यंत भिजलेले नाना तेवढ्यात नवा ट्रॅक जपून ठेवत होते.

हल्ली डॉक्टरांनी त्यांना रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलंय. नाना यंत्र चालू करून खिडकीत ठेवतात आणि आरामखुर्चीत पेपर वाचत पडतात. भिंतींवर आपटून सिग्नल भरकटतो, टिंब गिरणीपर्यंत जाऊन येतं, पुन्हा जातं. संध्याकाळी नाना वहिनींपुढे आकडा धरतात: "हा घे पुरावा!"

वहिनी पुरावा मान्य करतात. रात्री भाकरी मात्र खुर्चीच्या हिशेबाने वाढतात.