काठोकाठ

माझ्याकडे टूरिंगची मोटरसायकल आहे. अशा गाडीवर बसून माणसं लडाखला जातात. मी ताम्हिणी घाट उतरून माणगावला मिसळ खातो आणि अंधार पडायच्या आत पुण्यात परत येतो. हल्ली मात्र घाटात पुढचा ब्रेक दाबला की गाडी एवढं नाक खाली घालायची की मागे बसलेली बायको हेल्मेटसकट माझ्या पाठीवर आदळायची आणि ‘अहो, हळू!’ हे थेट माझ्या कानातच बोलायची.

पुढच्या शॉकअपचं तेल म्हातारं झालंय, हे निदान मी स्वतःच केलं. खड्डा आला की आतली स्प्रिंग दबते आणि परत उसळू पाहते. तेल बारीक भोकांतून कसंबसं वाट काढताना ती उसळी जिरवतं. जुन्या तेलात तो दम राहत नाही. एवढं कळल्यावर गॅरेजवाल्याला पैसे देणं मला विद्येचा अपमान वाटला.

रविवारी बायकोच्या नकळत तिचं जुनं तसराळं पार्किंगमध्ये नेलं, इंजिनाखाली जॅक लावला, पुढचं चाक काढलं, शॉकअपच्या दोन्ही नळ्या खाली ओढल्या, आणि एक गुडघ्यांत धरून वरचं झाकण पान्याने सोडवू लागलो. झाकणाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सावकाश सोडवा, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय. पण पुस्तिका आणि चष्मा दोन्ही वर घरात होते. शेवटचा आटा सुटला आणि झाकण माझ्या कपाळाला चाटून, पत्र्यावर आदळून, सेक्रेटरींच्या गाडीखाली गडप झालं. ते काढायला पालथा पडलो, तेव्हा पाय तसराळ्याला लागला.

जुनं तेल काळपट करडं होतं, त्यात धातूचा बारीक चुरा चमकत होता आणि वास असा, की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “सुकट कोण भाजतंय हो?” संध्याकाळी फलकावर सूचना लागली : पार्किंगमध्ये मासळी करू नये. खाली सेक्रेटरींची सही होती आणि तेलाचा अंगठा.

नवं टेन-डब्ल्यू तेल मात्र मी चष्मा लावून भरलं. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, वरखाली हलवून हवा काढायची आणि मग तेल तोंडापासून ठरलेल्या मिलिमीटरांइतकं खाली आहे का, ते पट्टीने मोजायचं. इथे माझे संस्कार आडवे आले. आमच्या घरी पाहुण्याच्या बशीत चहा सांडला नाही, तर तो कमी दिला असं समजतात. एवढी रिकामी जागा सोडायची? उरलेलं तेल ठेवणार कुठे? मी दोन्ही नळ्या मायेने भरल्या.

त्या जागेतली कोंडलेली हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते, हे मला पुढच्याच स्पीडब्रेकरवर कळलं. हवेला जागा नाही आणि तेल तर दबत नाही. त्यामुळे पुढचा भाग तसूभर दबला नाही, दबले ते माझे मणके. वर ऑइल सीलने हात टेकले, तेल ओघळत डिस्कवर आलं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायच्या ऐवजी भाजीच्या हातगाडीपर्यंत गेली. तिथे बायको कोथिंबीर घेत होती.

“घ्यायला आलात? बरं झालं,” ती म्हणाली.

मग मी गाडी ढकलत आणि ती पिशव्या सांभाळत, अशी आमची वरात गॅरेजात पोचली. मिस्त्रीने झाकण उघडलं, आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. “काका, हे कुणी भरलं?”

“आहे एक, आमच्या सोसायटीजवळचा,” मी म्हणालो.

“गाढव आहे. पुन्हा त्याच्या हातात गाडी देऊ नका.”

“मी लग्नापासून हेच सांगतेय,” बायको म्हणाली.

मग आम्ही तिघांनी मिळून त्या माणसाला मनसोक्त नावं ठेवली. चहा त्याच्याच पैशाने झाला.