पानसे

त्यांचं खरं आडनाव निराळं आहे. पण पानांखेरीज या माणसाला दुसरी चिंता नाही, म्हणून कचेरीत सगळे त्यांना पानसेच म्हणतात. कुणी खऱ्या आडनावाने हाक मारली तर ते पटकन वरही बघत नाहीत. पर्यावरण सल्लागारांच्या प्रत्येक कचेरीत असा एक पानसे असतो. नव्या रस्त्याचा, बंदराचा किंवा धरणाचा पर्यावरण आघात अहवाल काढायचा म्हणजे हवेचा, पाण्याचा, आवाजाचा, मातीचा, पशुपक्ष्यांचा असे वेगवेगळे तज्ज्ञ लागतात. ते आपापला भाग लिहितात, साहेब सारांश वाचतात, प्रकल्पवाले मुखपृष्ठावरचा आपला लोगो तपासतात. अकराशे पानं सलग वाचणारा माणूस मात्र एकच.

मी तिथे गेलो तो मराठी सारांशासाठी. जनसुनावणीआधी सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, असं २००६ च्या अधिसूचनेतच म्हटलं आहे. माझ्याआधी ते काम कुणीतरी यंत्राकडून करून घेतलं होतं. त्यात फ्लाय ॲशची ‘माशीची राख’ झाली होती आणि पुलाच्या कामावर ‘प्रत्येकी पन्नास टन उचलणारे दोन सारस’ हजर होते. मला हसू आवरेना. पानसे गंभीरच. मराठीबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

“तिसऱ्या प्रकरणातल्या पक्ष्यांच्या यादीत सारस नाही,” ते म्हणाले. “मग इथे दोन आले कुठून?”

पानसे म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एखादी गोष्ट खरी आहे की नाही, हा त्यांच्या खात्यातला प्रश्नच नाही. ती जुळते का, एवढंच ते बघतात. तोडायची झाडं तिसऱ्या प्रकरणात ४३१२ आणि दहाव्यात ४३२१ असली की पानसेंना रात्री झोप लागत नाही. दोन्हीकडे ४३२१ करा, ते घोरायला लागतात. झाडं मोजली कुणी, असं मी एकदा विचारलं. “ते प्रकरणवाल्यांना विचारा,” म्हणाले.

त्यांचा भूगोल आकृत्यांचा. कचेरीच्या सहलीत आम्ही एका नदीच्या काठी डबे उघडले तेव्हा पानसे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माणूस हळवा झाला. मग हळूच म्हणाले, “ही ३.१४ ना? फोटोत डावीकडे आंबा होता.” अहवालासाठी परिसराच्या नोंदी बहुधा पावसाळा सोडून एका ऋतूत घेतात, त्यामुळे पानसेंच्या कोकणात पाऊस असा पडतच नाही. तिथे बारा महिने डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. धूळ जेमतेम, ओढे शांत, पूर वगैरे भानगडी सातव्या प्रकरणात, जोखमीच्या तक्त्यात.

वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून सहाच्या चार अनुसूची झाल्या, तेव्हा पक्ष्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. पानसेंच्या तक्त्यांत मात्र त्या वर्षीचं सगळ्यात मोठं स्थलांतर झालं. एकेक पक्षी त्यांनी हाताने उचलून नव्या रकान्यात नेऊन ठेवला.

हाताने, कारण ‘सगळीकडे बदला’ या बटणावर त्यांचा विश्वास नाही. तो उडवला मीच. आधीच्या रस्त्याचा सारांश खेड तालुक्यातला होता, नवा चिपळूणचा. वेळ वाचवावा म्हणून जुन्या सारांशात मी खेडच्या जागी सगळीकडे चिपळूण घातलं आणि चहाला गेलो. परत आलो तर पानसे माझ्या खुर्चीशेजारी उभे. पान ६ वर ‘चिपळूणेगावातील जनजीवन’ होतं, पान ९ वर रोजगार मिळणारे ‘चिपळूणूत’ होते आणि प्रकल्पाचे फायदे ‘चिपळूणोपाडी’ पोचणार होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त एक जुनी गोष्ट सांगितली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उतरला होता, त्यामुळे हापूसच्या मुलखातले पक्षी कागदावर स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहत होते. लोक ही गोष्ट लबाडीचा नमुना म्हणून सांगतात. पानसे ती भुताच्या गोष्टीसारखी सांगतात, आवाज खाली आणून.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे उशिरा सुचलेलं शहाणपण. छपाईच्या आदल्या संध्याकाळी प्रकल्पवाल्यांचा फोन येतो: रस्ता थोडा उत्तरेला सरकवलाय, फार नाही, चारशे मीटर. त्यांना ते चारशे मीटर. पानसेंना दहा किलोमीटरचं अख्खं अभ्यासक्षेत्र उचलून बाजूला ठेवायचं असतं. दोन गावं आत येतात, एक शाळा बाहेर जाते, आवाज मोजलेलं ठिकाण ऐन रस्त्यात येतं. ते काही बोलत नाहीत. डब्यातली उरलेली पोळी खातात, चष्मा पुसतात आणि पान एकपासून सुरुवात करतात.

जनसुनावणीला पानसे येतात ते प्रतींच्या खोक्यांसोबत. अशाच एका सुनावणीत मंगल कार्यालयात स्टेजवर अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर चित्रीकरणाचा कॅमेरा, कारण चित्रीकरण सक्तीचं. शेवटच्या रांगेमागे खोक्यावर पानसे. मधेच एक आजी उभ्या राहिल्या. “माज्या घरामागचा व्हाळ खंय हाय ह्यात?”

“आजी, सर्व ओढेनाले विचारात घेतलेले आहेत,” प्रकल्पवाले मधाळ आवाजात म्हणाले.

“तक्ता ३.७ मध्ये आहे,” मागून आवाज आला. “पान ४१७. आकृती ४.२ मध्ये नाही. मी तीन वेळा कळवलं होतं.”

कॅमेरा वळला. साहेबांचा चेहरा मी पाहिला, वर्णन करत नाही.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त जोडायचं कामही पानसेंकडेच आलं. साहेब म्हणाले, तेवढं वाक्य गाळा. पानसे म्हणाले, चित्रफितीत आहे, मग जुळणार नाही. साहेबांना चाललं असतं. पण सुनावणीतल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, आणि रिकामा रकाना पानसे छापायला सोडत नाहीत. चार दिवस तो रकाना रोज सकाळी प्रकल्पवाल्यांना मेलवर जात राहिला. शेवटी कंटाळून त्यांनी उत्तर पाठवलं: व्हाळावर एक मोरी बांधण्यात येईल.

मग ती मोरी आकृती ४.२ मध्ये आली, दहाव्या प्रकरणातल्या खर्चात आली, माझ्या सारांशातही आली. तिच्यापायी पान ४१८ चं ४१९ झालं, अनुक्रमणिका नव्याने काढावी लागली, आणि पानसे पुढचे दोन दिवस आजींवर चिडून होते.