समोरच्याचे डोळे दिपोत

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर आता अंधार असा उरलेला नाही. फक्त दिसत काही नाही.

याचं श्रेय मोटारसायकलच्या लेगगार्डवर बसवल्या जाणाऱ्या दोन ठेंगण्या एलईडी दिव्यांना द्यायला हवं. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे ‘फॉग दाखवा’ म्हटलं की काउंटरवर खोकी येतात. एकाच दिव्यात पांढरा, पिवळा आणि लुकलुकणारा अशा तिन्ही सोयी. पांढरा शहरासाठी, पिवळा घाटासाठी, आणि लुकलुकणारा कशासाठी हे विचारायचं नसतं. रुग्णवाहिका आणि मंत्रिमहोदय यांच्या मधल्या पायरीवर आपण आहोत, एवढं पुढच्या गाडीवाल्याला कळलं म्हणजे झालं.

मूळ कल्पना तशी शहाण्या माणसांची. दुचाकी अंगाने बारीक, तिला दिवा एकच. रात्री समोरून येणारा एकटा दिवा किती वेगाने येतोय, याचा अंदाज माणसाच्या डोळ्याला नीट लागत नाही. हेडलाइटच्या जोडीला आणखी दोन दिवे देऊन त्रिकोण केला तर तो अंदाज सुधारतो, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं. म्हणजे आपण समोरच्याला दिसावं, हा उद्देश. आपण तो थोडा पुढे नेला. आपण त्याला दिसावं, आणि त्यानंतर त्याला दुसरं काहीच दिसू नये.

दुचाकी दिसावी म्हणून सरकारनेही प्रयत्न केले. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागू लागला. तेव्हा भर दुपारी पंजा उघडमीट करत ‘दादा, लाइट चालू आहे’ असं सांगणाऱ्या परोपकारी लोकांनी रस्ते भरून गेले होते. तेच परोपकारी आज रात्री अकरा वाजता हाय बीम आणि दोन्ही फॉग लावून सिंहगड रस्त्याने येतात. त्यांना डिपर मारून पाहा. त्यांना वाटतं, ओळखीचं कुणीतरी असेल. तेही उलटून मारतात.

या सगळ्यामागे निळा एलईडी आहे. त्यावर फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड पडतो. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दलच मिळालं. पुढे काय झालं ते स्टॉकहोमला अजून कुणी कळवलेलं नाही.

फिटिंगचा सोहळा मात्र पाहण्यासारखा असतो.

‘शेठ, रिले टाकायचा का?’

‘त्याने उजेड वाढतो?’

‘उजेड नाही वाढत. वायर जळत नाही.’

‘मग राहू दे.’

रिले असला की दिव्यांचा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट दिव्यांकडे जातो, हँडलवरचं बटण नुसता हुकूम सोडतं. तो वाचवला की वीस-वीस वॅटच्या दोन दिव्यांचा सव्वातीन अँपिअरचा भार त्या बटणाच्या इवल्याशा वायरीतून जातो. मग शेठ टपरीवर चहाला थांबतात, इंजिन बंद, दिवे चालू, कारण गाडीची शोभा. परतताना सेल्फ नुसता टकटक करतो आणि समोरच्या रहदारीला दिपवणारा वीर उतार शोधत गाडी ढकलत निघतो. कंपनीने हल्ली किकही काढून टाकली आहे.

दिवे खाली झुकवून उजेड रस्त्यावर पाडायचा असतो, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं. आपल्याकडे तो थेट पिंपळाच्या शेंड्यावर पडतो आणि वटवाघळांची बाहेर पडायची वेळ चुकते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात नीट खाली रोखलेला पिवळा दिवा खरोखर कामाचा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण लक्ष्मी रोडवर धुकं पडत नाही. आणि ‘तुम्ही का लावले?’ विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, समोरचे लावतात म्हणून. पहिला कोण, ते कुणालाच माहीत नाही.

एवढा खर्च पुढच्या बाजूला झाल्यावर मागच्या बाजूसाठी काय उरणार? टेललाइट फुटलेला, रिफ्लेक्टर गळालेला. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे या. पुढे एकही लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, मागे चार एलईडी पेटवलेली बुलेट, आणि बुलेटच्या मागून येणाऱ्याला दोघांचाही पत्ता नाही. पन्नासेक रुपयांच्या चमकत्या पट्टीने हे काम झालं असतं. तिला बॅटरी लागत नाही, रिले लागत नाही. पण ती लुकलुकत नाही, त्यामुळे खपत नाही.

कायदा आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीबाहेरचा बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आता दोन दिवे म्हणजे एक बदल की दोन, यावर पेठेतला कुठलाही सुजाण नागरिक भर चौकात अर्धा तास युक्तिवाद करू शकतो. मामांना तेवढा वेळ नसतो, ते हेल्मेटच्या पावत्यांत असतात.

दुकानदारांना मात्र जनतेची काळजी आहे. ज्या काउंटरवर हे दिवे मिळतात, तिथेच समोरच्याच्या दिव्यांपासून वाचायला पिवळ्या काचांचे रात्रीचे चष्मेही टांगलेले असतात. दोन्ही एकदम घेतले तर फिटिंग फुकट.