टेंडरवाले

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाल्यापासून या पट्ट्यात रस्ते, गटारे, पूल आणि जलवाहिन्या यांच्याबरोबरच एक स्वतंत्र मानवप्रकार वाढीस लागला असून समाजशास्त्राने त्याची दखल अद्याप घेतलेली नाही. ठेकेदारांच्या कचेऱ्यांत या प्रकारास 'टेंडरवाले' म्हणतात. ते स्वतः ठेकेदार नसतात, कारण ठेकेदार हे 'शेठ' असतात; त्यांच्याजवळ स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी असते, परंतु त्यांनी आयुष्यात एकही पूल बांधलेला नसतो, आणि तरीही परिसरातला प्रत्येक पूल किती टक्के 'खाली गेला' हे ते झोपेतही सांगू शकतात. निविदा म्हणजे ठरावीक काम ठरावीक दराने करून देण्याचा प्रस्ताव. तो तयार करून मुदतीच्या आत भरणे हा त्यांचा व्यवसाय.

वरवर पाहता या व्यवसायास फारशी विद्या लागू नये. बी-१ प्रकारच्या निविदेत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर, म्हणजे प्रत्येक बाबीचा शासनमान्य दर देणाऱ्या पुस्तकावर, आधारलेली अंदाजित किंमत खात्यानेच काढून दिलेली असते आणि भरणाऱ्याने त्याहून किती टक्के कमी वा जास्त एवढा एकच आकडा लिहायचा असतो. हा एक आकडा लिहिण्यापूर्वी टेंडरवाले दरपृथक्करण करतात, म्हणजे एक घनमीटर काँक्रीटमध्ये सिमेंट, खडी, वाळू, मजुरी आणि यंत्राचे भाडे किती जाते ते वेगवेगळे मांडतात, आणि त्यात 'लीड', म्हणजे खदानीपासून कामाच्या जागेपर्यंतचे वाहतुकीचे अंतर, मिळवतात. दरसूचीत लीड किलोमीटरमध्ये मोजले जाते. टेंडरवाले ते घोडबंदर रोडवर तासांत मोजतात. कागदावर दिवसाला पाच फेऱ्या करणारा डंपर कापूरबावडीला अडकून तीनच करतो, ही गोष्ट दरसूचीस ठाऊक नसते आणि त्यांना असते. नोकरीच्या जाहिरातीत 'अनुभव आवश्यक' असे लिहितात तो अनुभव हाच.

निविदा सूचनेतील 'मुदत १२ महिने, पावसाळा धरून' या शब्दांवरून सामान्य वाचकाची नजर सहज पुढे सरकते, परंतु चार पावसाळे अधिक पाहिलेले टेंडरवाले तिथेच थबकतात, कारण तेवढ्या शब्दांत बाराचे आठ महिने झालेले असतात. रेल्वेमार्गावरून जाणारे काम असेल तर ते आणखी गंभीर होतात. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळाची आठवण कल्याणकरांना वाहतूक कोंडीमुळे राहिली असली, तरी टेंडरवाल्यांच्या मनात तो पूल 'ब्लॉक' या एका शब्दापाशी नोंदलेला आहे. ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून रेल्वेने कामासाठी दिलेला मोजका वेळ. तो मिळेपर्यंत क्रेन, कारागीर आणि व्याज तिघेही उभे असतात, आणि या उभे राहण्याची किंमत कोणत्याच दरसूचीत छापलेली नसते.

तथापि त्यांचे खरे शौर्य कागदपत्रांत दिसते. निविदा दोन पाकिटांत असते: पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर, आणि पहिले नापास झाले तर दुसरे उघडलेच जात नाही. 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर आता कागदाचे पाकीट उरलेले नाही, परंतु शब्द टिकून आहे. बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला, समान कामाचा अनुभव, यंत्रसामग्रीची यादी, २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर गेलेले शपथपत्र, आणि शेठच्या डिजिटल सहीचे ते बोटाएवढे टोकन, जे शेठच्या खिशापेक्षा टेंडरवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये अधिक सुरक्षित मानले जाते, या सर्वांची जुळणी शेवटच्या दिवशी, संकेतस्थळ सर्वांत मंद असताना होते. तांत्रिक पाकिटाची ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. २०२५ मध्ये गायमुख ते फाउंटन हॉटेल बोगदा आणि पुढे भाईंदरकडचा उन्नत मार्ग यांच्या निविदांत एल अँड टीसारखी कंपनी तांत्रिक टप्प्यावरच बाद ठरली, तिचा दर कमी असल्याचे नंतर सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि निविदा काढणाऱ्या एमएमआरडीए या प्राधिकरणाने अखेर दोन्ही रद्द केल्या. डोंबिवलीत त्या आठवड्यात टेंडरवाल्यांनी आपापल्या फायली पुन्हा एकदा तपासल्या असतील, असे मानण्यास जागा आहे.

या सवयीचे परिणाम घरापर्यंत पोहोचतात. असे गृहस्थ सोसायटीचे सचिव झाले की इमारतीच्या रंगकामासाठी तीन दरपत्रके येतात, सर्वांत स्वस्त दरपत्रकास जीएसटी नोंदणी जोडलेली नसते, मधल्याचे शपथपत्र नोटरीविना असते, तिसरे महाग असते, आणि प्रक्रिया निर्दोष पार पडूनही इमारत बिनरंगाचीच राहते. सभासदांनी तक्रार केल्यास ते शुद्धिपत्रक काढतात.

निकालाच्या दिवशी मात्र या प्रकाराची खरी ओळख पटते. सर्वांत कमी दर, म्हणजे 'एल-वन', आपला ठरला तर बाहेरच्या माणसास तो आनंदाचा क्षण वाटतो. परंतु दुसऱ्या क्रमांकाचा दर १२ टक्के वर असल्याचे कळताच टेंडरवाल्यांचा चेहरा उतरतो, कारण तेवढा पैसा फुकट सोडला गेला किंवा अंदाजपत्रकातील एखादी बाब वाचायची राहिली, यांपैकी एक गोष्ट निश्चित असते, आणि फार खालचा दर भरल्याबद्दल अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते ती निराळीच. उलट अर्ध्या टक्क्याने काम गमावलेले टेंडरवाले आपला अंदाज बरोबर होता या समाधानात संध्याकाळची कल्याण लोकल पकडतात. या दोघांपैकी जाणकार कोण, याबद्दल कचेरीत दुमत नसते. पगार मात्र पहिल्याचाच वाढतो.