चर्चा करावी

सरकारी कार्यालयात साहेबांच्या आधी त्यांची कीर्ती हजर होते. बदलीचा आदेश निघाला की त्यांच्या जुन्या कार्यालयातून कुणीतरी फोन करतो आणि "सांभाळा रे बाबांनो" एवढंच बोलून ठेवून देतो. तेवढ्यावर आमच्यातले दोघे अर्जित रजेचे अर्ज भरून खणात टाकतात.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सुटण्याची वेळ सव्वासहा ठरली. साहेबांना ही वेळ तोंडपाठ आहे. म्हणून आढावा बैठक ते बरोबर सहाला लावतात. आढावा राहतो बाजूला, झाडाझडती होते. "तुम्हाला काही कळतं का?" हा प्रश्न टेबलाच्या डावीकडून निघतो आणि एकेकाला भेटत उजवीकडे पोचतो. उत्तर दिलं तर उद्धटपणा, गप्प बसलं तर अनास्था. मेमो दोन्हींचे निघतात.

तेवढ्यात मंत्रालयातून फोन येतो. साहेब ताडकन उभे राहतात आणि एका हाताने बुशशर्टाचं वरचं बटण लावत "होय सर, माझं जातीनं लक्ष आहे सर" म्हणतात.

खरं कसब फायलीवर. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातच एक कलम आहे: कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये. साहेब कायद्याचे पक्के. सहाव्या दिवशी समासात हिरव्या शाईने 'चर्चा करावी' लिहून ते फाइल खाली पाठवतात. आता फाइल कारकुनाची, दिवसही कारकुनाचे. चर्चेला जावं तर दारातला शिपाई म्हणतो, "आत्ता नको, मूड नाही." आठव्या दिवशी विलंबाबद्दल कारणे दाखवा नोटीस येते. तीवर मात्र चर्चा लागत नाही.

पूर्वी असल्या साहेबांचं हत्यार म्हणजे गोपनीय अहवाल. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितलं, की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. आमचे साहेब न्यायालयाच्याही पुढे गेले. ते शेरा सहा महिने आधीच, चारचौघांत, मोठ्या आवाजात कळवतात.

धाकाने काम होतं असं त्यांना वाटतं. धाकाने कागद होतात. पूर्वी तोंडी निपटणाऱ्या गोष्टींची आता टिपणी होते. झेरॉक्सच्या टोनरसाठीसुद्धा 'मान्यतेस्तव सादर'. प्रत्येकाच्या खणात स्वतःच्या बचावाचा गठ्ठा. एमपीएससीतून आलेली हुशार मुलगी जेवणाच्या सुट्टीत पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते, आणि वाईट बातमी जिन्यावरच थबकते. रेकॉर्ड रूम गळतेय हे शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना ते वर्तमानपत्रातून कळलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ते गरजले.

"फाइल ठेवली होती साहेब," अधीक्षक नम्रपणे म्हणाले. "आपण चर्चा करावी म्हणालात."

यथावकाश साहेबांची बदली झाली. निरोप समारंभात "शिस्तप्रिय" हा शब्द सगळ्यांनी वापरला. नव्या बाई भल्या. पहिल्याच बैठकीत, दुपारी तीन वाजता, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "मोकळेपणाने सांगा, तुमचं मत काय?"

अधीक्षकांनी दोन मिनिटं विचार केला, कोरा कागद ओढला, लिहिलं आणि पुढे सरकवला: 'मत काय असावे, याबाबत आपले आदेश व्हावेत.'