आजोबांच्या नावातील एक्स

मनुष्याचा बाप कोण हे सांगण्याचा अधिकार अनादिकाळापासून त्याच्या आईकडे होता. परंतु सरकारदरबारी दफ्तर निर्माण झाले, तेव्हापासून तो जन्मनोंदणीच्या वहीकडे गेला, आणि वही लिहिणारा कारकून ज्या दिवशी घाईत असेल त्या दिवशी जन्मास आलेल्याने आपल्या पित्याचा शोध पुढे दिवाणी न्यायालयातच घ्यावा, असा रिवाज पडला.

या रिवाजाचे पूर्ण वैभव पाहायचे तर गोमंतकात जावे. तेथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्याला, व त्याच्यामागून त्याच्या मुलानातवंडांना, पोर्तुगाल आजही आपले नागरिकत्व देऊ करतो. अट इतकीच की आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कचेरीत दाखल व्हावा, आणि त्यासाठी येथल्या जुन्या वहीतील नक्कल निर्दोष असावी. येथेच घोडे पेंड खाते. आजोबांच्या ‘शंकर’मधला ‘श’ पोर्तुगीज शिरस्त्याप्रमाणे जन्माच्या नोंदीत एक्सने लिहिला गेला, लग्नाच्या नोंदीत त्याचा एसएच झाला आणि रेशनकार्डावर नुसता एस उरला. परिणामी एकाच ओसरीवर सुपारी कातरीत बसलेले हे तीन शंकर कायद्याच्या दृष्टीने परस्परांस ओळखत नाहीत. काही नोंदींत तर वडिलांच्या रकान्यात ‘अज्ञात’ एवढाच शेरा सापडतो, आणि त्या अज्ञात गृहस्थाची तसबीर, ताजा हार घालून, माजघरात टांगलेली असते! (अविवाहित मातेला तिच्या प्रतिज्ञापत्रावर अपत्याचा जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावले, आईचा शब्द ग्राह्य ठरण्यास प्रजासत्ताकाची पासष्ट वर्षे लागली.)

मग अर्ज होतो. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, म्हणजे अमुक इसम आपल्या बापाचा मुलगा असण्यास कोणाची हरकत असल्यास त्याने मुदतीत कळवावे, असे सर्व उपचार यथासांग पार पडतात. ऐंशी ओलांडलेला वृद्ध काठी टेकीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढतो आणि ‘तो मीच’ असे शपथेवर सांगतो; सरकारी वकील, ज्यांना स्वतःच्या आजोबांचे पूर्ण नाव विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही, ‘कशावरून?’ असा उलटा सवाल टाकतात, आणि पुढची तारीख पडते. नोंद चुकीची ठरलीच, तरी आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा दंडक असा की मूळ मजकुरास हात न लावता दुरुस्ती समासात करावी. चुकीला पानाचा मध्यभाग आणि सत्याला कडेची चिंचोळी जागा, ही वाटणी मला तरी फारच प्रामाणिक वाटते.

एवढ्या सायासाने मिळालेला, भारतीय प्रजासत्ताकाच्या मोहोरेचा हुकूमनामा घेऊन नातू प्रथम काय करतो? तो भारतीय नागरिकत्वातून मोकळा होतो. १९६२ च्या हुकमाने ज्या आजोबांना आपण अर्ज न मागवता नागरिक करून घेतले, त्यांचे नाव आपल्याच न्यायाधीशाने शुद्ध करून दिले की परकी नागरिकत्व स्वीकारताक्षणी १९५५ च्या कायद्याचे नववे कलम नातवाला निरोप देते. शिवाय या नव्या पोर्तुगीजांपैकी अनेकांना पोर्तुगालात राहावयाचे नव्हतेच. त्यांनी बिऱ्हाड थाटले ते इंग्लंडातील स्विंडनमध्ये, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून २०२० च्या अखेरीस मुक्त प्रवेश बंद झाला, तेव्हा लिस्बनविषयीच्या कित्येकांच्या भक्तीला ओहोटी लागली. पोटासाठी देशांतर करणाऱ्या पोराला मी हसत नाही. मी हसतो ते, त्याला घरी बसण्यासाठी अथवा घर सोडण्यासाठी, दोन्ही वेळी एकाच मृत कारकुनाची परवानगी लागते याला.

तेव्हा वाचकांस विनंती. घरात नुकतेच मूल जन्मले असेल, तर बारशाच्या घुगऱ्या वाटण्यापूर्वी निबंधकाच्या कचेरीत जाऊन आईबापांच्या नावांचे एकेक अक्षर चष्मा लावून वाचून या. बाळाचे नावही बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते.